पडद्याच्या कडेतली सहा नाणी

पडदेवालीचं टेबल नऊ फुटांचं होतं. त्याहून आखूड टेबलावर पडदा कापला की कापड बाजूनं लोंबतं, त्याला ओढ बसते, आणि शिवून टांगल्यावर एक कड वर जाते ती जातेच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन ती शिकली होती. एकवीस वर्षांपूर्वी हे दुकान भाड्यानं घेतलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी सुताराला बोलावलं आणि आतल्या आतच टेबल ठोकून घेतलं. काम झाल्यावर सुतार म्हणाला, "बाई, हे आता दारातून निघायचं नाही हं." ती म्हणाली, "निघायचंय कुणाला?"

आता निघायची वेळ आली होती. दुकानाच्या वर राहणारा मालक दुकान विकायला निघाला होता. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती! त्यानं सरळ खाली येऊन सांगितलं, "पहिला हक्क तुमचा. महिनाअखेरपर्यंत निम्मी रक्कम द्या, बाकीची सवडीनं. नाही जमलं तर औषधवाला रोख घेऊन उभाच आहे." पडदेवालीनं बँकेतलं, भावाकडचं, कानातलं, सगळं झाडूनपुसून गोळा केलं. तरी त्या निम्म्यातलाही चौथा हिस्सा कमी पडत होता, आणि महिना संपायला अकरा दिवस होते.

तेव्हा बोटवाल्यांना आपला डबा आठवला.

बोटवाले म्हणजे तिचा नवरा. वीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत तेलात हात बुडवून काढली, शिड्या चढूनउतरून गुडघ्यांची वाट लागली, आणि गेली सहा वर्षं ते दुकानाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून पडद्यांना हातशिलाई घालत होते. टाका इतका बारीक आणि सारखा की नवीन गिऱ्हाईक विचारायचं, ही कुठल्या मशीनची? तर या गृहस्थांना एक खोड होती. बंदरात उतरलं की खिशात तिथली चिल्लर उरायची. नोटा बदलून मिळतात, चिल्लर कुणी घेत नाही. बाकीचे लोक ती चहाच्या टेबलावर टाकून यायचे, हे घरी आणायचे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो भरत आला होता.

"लोकांचे नवरे बाहेरून सोनं आणतात," पडदेवाली चारचौघांत म्हणायची, "आमच्याकडे येतो खुर्दा!" चारचौघे हसायचे. बोटवालेही हसायचे. हसता हसता डबा कपाटात वर ठेवून द्यायचे.

आता त्यांनी तो स्वतः खाली काढला आणि मांडीवर घेऊन बसले. कुणाच्यातरी एका जुन्या नाण्यात घर आलं, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. "एखादं तर निघेल," ते म्हणाले. "दोनशेच्या वर आहेत. एखादं तर निघेलच ना गं?"

"निघेल हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"आणि ती सुतळीत ओवलेली माळ आहे ना, भोकाच्या सात नाण्यांची, ती मुद्दाम दाखव. त्यातली दोन पहिल्या वर्षाची आहेत. बंदरावरच्या खानावळवाल्या म्हातारीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, ही दोन जपून ठेव म्हणून. तुला म्हणालोही होतो मी."

म्हणाले होते खरे. तेव्हा तिनं काय उत्तर दिलं होतं, तेही तिला आठवत होतं. "पहिल्या वर्षाचं काय नि शेवटच्या वर्षाचं काय, भाजी येते का त्यात?"

"दाखवते," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. सुतळीवर आता सात नाणी नव्हती, एकच उरलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण एवढ्याशा करड्या चकत्या त्या, त्यांचं काय मोठं, असं म्हणून ती बसमध्ये चढली.

नाणेवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा. नाणेवाला म्हातारा, कोरडा, डोळ्याला भिंग लावलेला. त्यानं डबा हिरव्या कापडावर उपडा केला आणि तांदळातले खडे बाजूला काढावेत तशी बोटानं नाणी सारायला लागला. एकेकाकडे धड बघतही नव्हता. पडदेवालीची नजर त्याच्या बोटावरून हलेना.

"बाई," तो म्हणाला, "रागवू नका. हे सगळं असं आहे की जे लोकांनी पुष्कळ वापरलं, ते पुष्कळ पाडलेलं असतं. जुनं आहे, लांबचं आहे, पण दुर्मिळ नाही. ही मी वजनावर घेईन. आज घरी जाताना रिक्षा केलीत तर रिक्षाचे पैसे सुटतील."

"बघा ना नीट. दोनशेच्या वर आहेत."

"नीटच बघतोय. चाळीस वर्षं हेच बघतोय."

तिनं पदराला हात पुसले. घाम आला होता. वाटलं, चला, सुटलो एकदाचे, निदान कळलं तरी. आणि तेवढ्यात त्याचं बोट थांबलं. त्यानं सुतळी उचलली. सुतळीवरचं एकुलतं एक करडं नाणं भिंगाखाली धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे कुठून आणलं?"

"यजमान बोटीवर होते."

"हे ज्या राज्याचं आहे ना, ते राज्यच आता नाही. जेमतेम पाच वर्षं टिकलं. तांबं परवडेना म्हणून जस्ताची नाणी पाडली, आणि जस्त वाचवायला मधे भोक. हे तुमचं दुसऱ्या वर्षाचं, ही पोत्यानं मिळतात. पण पहिल्या वर्षी टांकसाळ अकरा दिवस चालली आणि बंद पडली. पहिल्या वर्षाचं माझ्या हातात आयुष्यात एकदाच आलं. त्यावर मी माझ्या मुलाला दुकान काढून दिलं." त्यानं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "या सुतळीला गाठी आहेत. इथं आणखी होती का?"

"सहा," ती म्हणाली.

"कुठं आहेत?"

आता हे त्याला कसं सांगायचं? पडदा शिवणाऱ्यालाच कळेल असली ही गोष्ट. भारी कापडाचा पडदा नुसता शिवून टांगला तर तो वाऱ्यानं उडतो, खालून गोळा होतो, सरळ पडतच नाही. म्हणून खालच्या दुमडीत वजनं शिवावी लागतात. दोन कोपऱ्यांत दोन, मधल्या जोडावर एक. शिशाच्या चपट्या गोळ्या मिळतात त्यासाठी. अकरा वर्षांपूर्वी वरच्या मालकीणबाईंच्या दिवाणखान्याचे दोन पडदे शिवून तयार होते, संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, आणि शिसेवाला आलाच नव्हता. दोन पडदे, सहा वजनं. पडदेवालीनं दुकानभर शोधलं, आणि मग तिला डबा आठवला. साधं नाणं दुमडीत घातलं तर घसरतं, त्याला पिशवी शिवावी लागते. पण भोकाचं नाणं? भोकातून दोन टाके घेतले की जन्मात हलत नाही. तिनं सुतळी सोडली, सहा नाणी काढली, सातवं परत बांधून ठेवलं. बोटवाले तेव्हा समुद्रावर होते. आपल्या डोकेबाजपणावर ती इतकी खूश होती की शेजारच्या शिंप्यालाही जाऊन सांगून आली होती.

"कुठं आहेत?" नाणेवाल्यानं पुन्हा विचारलं.

"आहेत," ती म्हणाली. "सुरक्षित आहेत. आणते."

परतीच्या वाटेवर ती वेड्यासारखी स्वतःशीच हसत होती. दुकान वाचवणारे पैसे दुकानाच्या डोक्यावरच टांगलेले! रोज वर बघितलं असतं तर खिडकीत दिसले असते. पडदे अजून तेच होते, तिनंच गेल्या वर्षी त्यांच्या कड्या बदलून दिल्या होत्या. पण दुकान जवळ आलं तसं तिचं हसू आटलं. मागायचं कसं? "बाई, तुमच्या पडद्यात माझा खजिना आहे" म्हटलं, तर पडदे कुणाचे? पैसे मोजून घेतलेले, मालकांचे. मग त्यातलं नाणं कुणाचं? या प्रश्नाचं उत्तर तिला मालकांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"माळ दाखवलीस?" दारातच बोटवाल्यांनी विचारलं.

"त्याला घाई होती. परत बोलावलंय."

बोटवाले सुईत दोरा ओवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेवाली वर गेली. एकवीस वर्षांत कापडाच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नव्हती. आटणारं कापड असेल तर आटेल म्हणून सांगायची, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. त्या दिवशी मात्र दिवाणखान्याच्या खिडकीशी उभं राहून तिनं मान तिरकी केली आणि म्हणाली, "मालकीणबाई, या पडद्याची कड वर गेलीय हो."

"कुठं? मला तर नाही दिसत."

"तुम्हाला नाही दिसायची. मला झोप नाही लागणार आता. द्या इकडे, परवापर्यंत सरळ करून देते. पैसे नकोत."

"पैसे नकोत?" मालकीणबाईंनी भुवया उडवल्या. "तुम्हाला? बरं वाटतंय ना?"

दोघी हसल्या. बोलता बोलता पडदेवालीनं वाकून कड चाचपली. कोपऱ्यात होतं. गोल, आणि मधे बोटाच्या टोकाला जाणवणारी खोलगट जागा. तिचा जीव भांड्यात पडला. मालकीणबाई स्टुलावर चढून पडदे काढता काढता सांगत होत्या, "पण स्वच्छ आहेत हं, धुवायची गरज नाही. मला मळकं अजिबात खपत नाही. दर महिन्याला सोडा घालून गरम पाण्यात रात्रभर भिजवते मी. अकरा वर्षं झाली, एक महिना चुकवलेला नाही. म्हणून तर नव्यासारखे आहेत!"

"नव्यासारखेच आहेत," पडदेवाली म्हणाली आणि पडदे पोटाशी धरून जिना उतरली.

बोटवाले जेवायला मागच्या खोलीत जातील तेव्हा उसवायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण बोटवाले उठेचनात. पडदे टेबलावर पसरले, तिनं कातर हातात घेतली, खाली ठेवली, खडू घेतला, उगाच कुठंतरी खूण केली. शेवटी तेच म्हणाले, "उसव की. दोन्ही टोकांना एकेक आणि जोडावर एक, असंच ना?"

तिनं मान वर केली.

"घरी आलो त्याच वर्षी डबा उघडला होता मी. माळेत एकच," ते म्हणाले. "मग एक दिवस शेजारचा शिंपी तुझं कौतुक करत होता, काय डोकं चालतं वहिनींचं म्हणून. म्हटलं, असू दे. माझा खुर्दा तुझ्या कामाला तरी आला."

"मग काल मुद्दाम कशाला सांगितलंत माळ दाखव म्हणून?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

पडदेवालीला रडू फुटलं. सहा वर्षं या माणसानं एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि ती मात्र त्याच्या डब्यावरून जगाला हसवत होती. लाज वाटली तिला, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. "मी विचारायला हवं होतं हो," ती म्हणाली.

"बोटीवर कुठं विचारणार होतीस? उसव आता. दोन आहेत त्यात. मी बघितलीत, माझ्या डोळ्यांनी बघितलीत."

ते काठी टेकत टेबलाशी आले. तिनं पहिल्या कोपऱ्याची शिवण उसवली, आत बोट घातलं. पांढरी पूड बोटाला लागली. आपले जुने टाके तिनं कापले आणि नाणं टेबलावर ठेवलं. नाणं म्हणायचं म्हणून. पांढरट, खडबडीत, कडेनं खाल्लेली एक चकती. बोटवाल्यांनी अंगठ्यानं पुसलं, पूड गेली, खाली खड्डेच खड्डे. कुठं एक पान कोरलेलं होतं, त्याचा देठ तेवढा उरला होता. भोकाखाली वर्ष असायचं, तिथं काहीच नव्हतं.

"दुसरं काढ," ते म्हणाले.

दुसरंही तसंच. तिसरं कापडाला असं चिकटलं होतं की सोडवताना त्याचा तुकडाच पडला. चौथं, पाचवं, सहावं. सहा चकत्या नऊ फुटांच्या टेबलावर ओळीनं पडल्या होत्या, आणि बोटवाले एकेक उचलून चष्म्याच्या वर, चष्म्याच्या खाली, दाराच्या उजेडात धरून बघत होते.

"हे असेल," ते एकदा म्हणाले. मग म्हणाले, "नाही, हे असेल."

तरी ती गेली नाणेवाल्याकडे. जाऊन यायला काय जातंय, असं म्हणून गेली. जिन्याखाली मान वाकवून उभी राहिली. नाणेवाल्यानं सहाही नाणी हिरव्या कापडावर घेतली आणि या खेपेला मात्र एकेकाला इतका वेळ दिला की तिच्या मानेला रग लागली.

"पाण्यात होती?"

"सोडा घालून. गरम पाण्यात. दर महिन्याला, रात्रभर."

"अरेरे!" म्हातारा खरोखरच कळवळला. "जस्ताला सोडा म्हणजे विषच हो. नुसती धूळ खात पडली असती तरी चाललं असतं. डब्यात, सुतळीवर, कशीही."

"यातली दोन पहिल्या वर्षाची आहेत. यजमानांनी बघितलीत."

"असतील. मी खोटं म्हणत नाही त्यांना."

"मग?"

"मग काय बाई? मी मानीन, पण माझ्याकडून घेणारा मानणार नाही. त्याला वर्ष दिसायला हवं. ही सहा आता सारखीच झाली. यातली दोन कुठली ते आता कुणालाच सांगता यायचं नाही."

"काही औषध, काही घासून..."

"खाल्लेलं परत येत नाही." त्यानं सहाही नाणी एका कागदात बांधून तिच्या हातात दिली. डब्यातल्या बाकीच्या नाण्यांचे वजनावर पैसे देऊ का, म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. मग परत येऊन हो म्हणाली, आणि परत येऊन पुन्हा नको म्हणाली.

दुकानात परतली तर बोटवाल्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलंच नाही. दोन्ही पडद्यांच्या उसवलेल्या दुमडी त्यांनी झाडून साफ केल्या होत्या, पांढरी पूड फडक्यानं टिपली होती.

"शिसं आहे का दुकानात?" तिनं विचारलं.

"आहे. पण तीच घाल परत."

"झिजलीत ती."

"झिजू देत. अकरा वर्षं नोकरी केलीय त्यांनी तिथं. तुकडा पडलाय त्याच्यासोबत एक शिशाची गोळी घाल, म्हणजे वजन बरोबर होईल."

बोटवाल्यांनीच सुई घेतली आणि भोकांतून दोन दोन टाके घालत सहाही नाणी आपल्या हातानं शिवली. कुठली दोन, हे त्यांनी आता शोधलं नाही. दुमडीची शिवण तिनं मशीनवर घातली. मशीनच्या आवाजात बरं असतं, नाक ओढलेलं कुणाला ऐकू जात नाही.

तिसऱ्या दिवशी पडदे वर नेऊन तिनं स्वतः टांगले. मालकीणबाई मागे सरकून, डोकं इकडेतिकडे करून बघत होत्या. "खरंच की हो," त्या म्हणाल्या, "आधी कड वर होती, आता कळतंय मला. आता कसा पडलाय बघा! उगाच नाही लोक तुमच्याकडे येत."

मालक आतून आले. चहा घेता का म्हणाले, आणि मग अवघडून म्हणाले, "जमलं का काही?"

"नाही जमलं."

"मलाही वाईट वाटतं हो. पण काय करणार?" त्यांनाही काही करता येण्यासारखं नव्हतं, हे तिला दिसत होतं. "औषधवाला सोमवारी येतोय जागा बघायला. ते टेबल तेवढं काढून ठेवाल का? त्याला काउंटर टाकायचाय. दारातून निघेल ना?"

"निघेल," पडदेवाली म्हणाली.

ती खाली आली. बोटवाले खुर्चीतून उठून टेबलाशी उभे होते. वरचं सगळं बोलणं जिन्यातून खाली येत असे, एकवीस वर्षं येत होतं. त्यांच्या हातात शिवणाचा खडू होता आणि टेबलाच्या बरोबर मधोमध त्यांनी आडवी एक रेघ मारली होती.

"साडेचार आणि साडेचार," ते म्हणाले. "सुताराला बोलावू. एक तुकडा घरी खिडकीखाली मावेल. रेघ सरळ आहे का बघ."

पडदेवालीनं वाकून बघितलं. रेघ एका बाजूला सूतभर कलली होती. तिनं ती तळहातानं पुसली, टेप लावून दोन्हीकडून मोजलं, खडू घेतला आणि सरळ रेघ मारली.